आईला न दिसणारे स्टेटस



मागच्या महिन्यात आमच्या खेरडीच्या तरुण मुलामुलींच्या सभेत आम्ही दोन आज्ञा एकत्र अभ्यासाला घेतल्या होत्या. एक आईवडिलांचा मान राखण्याची आणि दुसरी खोटी साक्ष न देण्याची. चर्चा थोडी पुढे गेल्यावर मी सहज विचारले, "व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवताना घरच्यांना दिसू नये म्हणून किती जणांनी सेटिंग केले आहे?" आधी सगळे हसले. मग एक हात वर गेला, दुसरा गेला, आणि शेवटी हात वर न केलेले तिघेच उरले. त्या तिघांतल्या एकाने सांगितले, "मावशी, माझ्या आईकडे साधा फोन आहे, म्हणून सेटिंग करावे लागत नाही."

त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनातून जात नाही. आज त्यावरच थोडे लिहिते.

आपल्या भागातील परिस्थिती वाचकांपैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. दादरा आणि नगर हवेली १९५४ साली पोर्तुगिजांच्या हातून सुटली. पुढे सिल्वासाच्या आसपास कारखाने उभे राहिले आणि शेतीवर जगणाऱ्या घरांतली मुले शिफ्टमध्ये कामाला जाऊ लागली. आज खेरडीतील वीस-पंचवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी सहसा आईवडिलांबरोबरच राहते. लग्न होईपर्यंत, आणि पुष्कळदा लग्नानंतरही. पगारातले पैसे घरात देतात, रविवारी आईबरोबर चर्चला येतात, बापाची औषधे आणतात. एकाच छपराखाली पाच-सहा माणसे. पण प्रत्येकाच्या हातात फोन आहे आणि फोनच्या आत ज्याचे त्याचे वेगळे घर आहे. त्या घरात कोणाला घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे हे बोटाने ठरवता येते. इन्स्टाग्रामवर एक खाते नातेवाइकांसाठी असते आणि दुसरे मित्रमैत्रिणींसाठी. पहिल्यावर नाताळचा गोठा आणि वाढदिवसाचा केक, दुसऱ्यावर बाकीचे सगळे.

हे सगळे पाप आहे असे मी म्हणणार नाही. सभेत एका मुलीने अगदी बरोबर मुद्दा मांडला. ती म्हणाली, "मावशी, मी मैत्रिणीला मनातले दुःख सांगते ते आईला सांगत नाही, म्हणजे मी आईशी खोटे बोलले का?" नाही, बाळा. मोठ्या झालेल्या माणसाच्या मनात एक खोली असते आणि तिला दार असते. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने प्रार्थनेसाठी आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायला शिकवले आहे, ते मत्तयाच्या सहाव्या अध्यायात वाचा. जो पिता गुप्त गोष्टी पाहतो, त्याच्यापुढे माणसाने एकटे उभे राहावे अशी प्रभूचीच इच्छा आहे. म्हणून दार लावण्यात अपराध नाही. प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला दाखवलीच पाहिजे असा नियम पवित्र शास्त्रात कुठेही नाही.

पण पवित्र शास्त्रात दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. इसहाक म्हातारा झाला होता, त्याला दिसत नव्हते. धाकटा मुलगा याकोब आईवडिलांच्या जवळ तंबूतच राहणारा. त्याने मोठ्या भावाचे कपडे अंगात घातले, हातांवर आणि मानेवर करडांची कातडी बांधली, आणि बापासमोर जेवण घेऊन उभा राहिला. बापाने विचारले, तू कोण? त्याने भावाचे नाव सांगितले. बापाला संशय आला. आवाज एकाचा आणि हात दुसऱ्याचे, असे त्याला वाटले. त्याने मुलाला जवळ बोलावले, चाचपून पाहिले, कपड्यांचा वास घेतला, आणि शेवटी विश्वास ठेवून आशीर्वाद दिला.

याकोबाने दार लावले नव्हते, कातडे पांघरले होते. माझ्या मते फरक इथेच आहे. दार लावलेले असले की बाहेरच्या माणसाला निदान कळते की आत काहीतरी आहे जे आपल्याला सांगितलेले नाही. तो थांबू शकतो, वाट पाहू शकतो, दार ठोठावू शकतो. कातडे पांघरले की समोरच्याला वाटते की आपण सगळे पाहिले, हाताने चाचपून पाहिले, आता शंका नको. त्याचा विश्वासच त्याच्याविरुद्ध वापरला जातो.

आपल्याच भागातील एका मुलाची गोष्ट सांगते. त्याच्या परवानगीने सांगत आहे, आणि तो ओळखू येऊ नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. तो धाग्याच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला होता. एका महिनाअखेरीस कंत्राट संपले आणि त्याला येऊ नको असे सांगण्यात आले. घरी बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू होती. पंचवीस वर्षांचा कमावता मुलगा म्हणून बाप चारचौघांत त्याचे नाव अभिमानाने घेत होता. त्याच्याने घरी सांगवले नाही. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टच्या वेळेला युनिफॉर्म घालून, आईने भरलेला डबा घेऊन तो घराबाहेर पडला. असे जवळजवळ दोन महिने चालले. मधूनमधून तो कामावरचे जुने फोटो स्टेटसला ठेवत असे आणि खाली लिहीत असे की आज फार काम होते. ते स्टेटस त्याने आईपासून लपवले नाही. ते आईसाठीच होते.

पगाराच्या दिवशी घरात पैसे द्यायचे तर आणायचे कुठून? पहिल्या महिन्यात मित्राकडून घेतले. दुसऱ्या महिन्यात फोनवर झटपट कर्ज देणारे एक ॲप उघडले. मग हप्ते थकले, आणि फोनमधल्या नावांना मेसेज पाठवू अशा धमक्या सुरू झाल्या. त्याने मला नंतर सांगितले की त्या दिवसांत तो नदीच्या पुलावर जाऊन बराच वेळ उभा राहत असे. ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आमच्यासमोर दर रविवारी वाचन करणारा मुलगा, आणि आम्हांला कोणालाच पत्ता नव्हता.

उघडकीस कसे आले? आईने ओळखले. कपडे धुताना तिच्या लक्षात आले की युनिफॉर्मला मशिनच्या तेलाचा वास येत नाही. इसहाकाला कपड्यांच्या वासाने फसवले होते, इथे त्याच वासाने आईचे डोळे उघडले. तिने आरडाओरडा केला नाही. रात्री सगळे झोपल्यावर ती त्याच्याजवळ जाऊन बसली आणि एवढेच विचारले, "काम आहे का रे तुझे?" तो म्हणाला, "नाही." आणि मग लहान मुलासारखा रडला.

बाप दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच त्याला घेऊन ओळखीच्या मुकादमाकडे गेला. आईने बचत गटातून कर्ज काढून ॲपचे पैसे फेडले, आणि मुलगा आता ते गटाला दरमहा परत करत आहे. बहिणीचे लग्न सहा महिने पुढे गेले. मुलाकडच्या लोकांना खरे कारण सांगितले, आणि त्यांनी नाते मोडले नाही. परमेश्वराची स्तुती असो.

या मुलाला दोष देणे सोपे आहे. पण तो खोटे का बोलला ते पाहा. त्याला मजा करायची नव्हती. आपल्या घरात आपल्याला जी जागा आहे ती कमाईमुळे आहे, कमाई गेली की जागाही जाईल, असे त्याला वाटले. याकोबालाही तेच वाटले होते. मी जसा आहे तसा बापासमोर गेलो तर मला आशीर्वाद मिळणार नाही, भाऊ बनून गेलो तरच मिळेल. फसवणुकीच्या मुळाशी पुष्कळदा हीच भीती असते.

म्हणून आईवडिलांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. आपली मुले कातडे पांघरतात तेव्हा ते कातडे शिवायला कधी कधी घरचाच हात लागलेला असतो. याकोबाच्या हातावर कातडी बांधली ती त्याच्या आईनेच. आपणही मुलांचे गुण, नोकरी, गाडी, परदेशी गेलेला भाचा हे सगळे ग्रुपवर टाकतो. घरात आठ दिवस नवराबायकोचे बोलणे नसते, तरी लग्नाच्या वाढदिवसाला जुना हसरा फोटो ठेवतो आणि शंभर माणसांचे अभिनंदन स्वीकारतो. मुले हे पाहत असतात. फोनवर कसे दिसायचे याचे पहिले शिक्षण त्यांना आपल्याकडूनच मिळते. आणि मुलाने एखादी अडचण खरी सांगितली की आपण काय करतो? "लोक काय म्हणतील" हे पहिले वाक्य असेल, तर पुढच्या वेळी तो आपल्याला काहीच सांगणार नाही.

सभेत एका मुलाने मला हेच विचारले होते, "खरे सांगितले तर घरचे ऐकून घेतील का?" मी त्याला खात्री देऊ शकले नाही. प्रत्येक घर वेगळे असते. पण संत मोनिकेची गोष्ट मी त्याला सांगितली.

संत ऑगस्टीन इ. स. ३८३ मध्ये आफ्रिकेतील कार्थेज शहरातून रोमला निघाला. तेव्हा तो तिशीच्या आतच होता आणि त्याची आई मोनिका त्याला सोडायला तयार नव्हती. त्याने तिला थाप मारली की मी जात नाही, फक्त एका मित्राला निरोप द्यायचा आहे, वारा अनुकूल होईपर्यंत त्याच्याजवळ थांबतो. जहाजाजवळच संत सिप्रियनच्या नावाचे प्रार्थनास्थळ होते. तिथे रात्र काढण्यासाठी त्याने आईचे मन वळवले. ती रात्रभर रडत प्रार्थना करत राहिली आणि तो त्याच रात्री जहाजात बसून निघून गेला. सकाळी किनाऱ्यावर ती एकटीच होती.

ही गोष्ट आपल्याला कशी कळली? स्वतः ऑगस्टीननेच लिहून ठेवली म्हणून. पुढे बिशप झाल्यावर, सगळीकडे नाव झाल्यावर, त्याने आपल्या कबुलीजबाबाच्या पुस्तकात देवाला उद्देशून हे लिहिले की मी आईशी खोटे बोललो, आणि अशा आईशी. त्याला हे गाळता आले असते. जहाजाचा एक छान प्रसंग लिहून पुढे जाता आले असते. पण त्याने जगासमोर ठेवले ते हेच. आणि मोनिका? ती समुद्र ओलांडून मुलाच्या मागे इटलीत गेली. ३८७ च्या पास्काच्या सणात मिलान येथे ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच वर्षी तिने ओस्तिया येथे मुलाच्या सोबतीत देह ठेवला. फसवली गेलेली आई मुलाला सोडून देत नाही, याचा हा जुना दाखला आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरातही असा एक दाखला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्या विश्वासात सहभागी नव्हत्या. त्यानंतर काही वर्षे दोघांची ताटातूट झाली, आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पुढे साठी उलटल्यावर त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या, त्या 'स्मृतिचित्रे' या नावाने १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाल्या. आजही मराठीतल्या सर्वांत प्रामाणिक आत्मचरित्रांत त्यांचे नाव घेतात. नवऱ्याचा तापट स्वभाव, घरातली ओढाताण, आपले स्वतःचे सोवळेओवळे आणि ते कसे हळूहळू गळून पडले, हे सगळे त्यांनी लिहिले. पण वाचताना कोणाचा अपमान केल्यासारखे वाटत नाही. स्वतःला हसत हसत त्या लिहितात, आणि ज्यांच्याबद्दल लिहितात त्यांच्यावर त्यांचे प्रेम आहे हे ओळीओळीतून कळते.

हे मी मुद्दाम सांगते. कारण फोनवर प्रामाणिक राहायचे म्हणजे घरातले भांडण रागाच्या भरात चव्हाट्यावर मांडायचे, असाही एक समज तरुणांत आहे. आईने मारलेला टोमणा स्टेटसला, बापाची दारू रीलमध्ये, आणि वर म्हणायचे की मी खरे तेच बोलतो. लक्ष्मीबाईंनी खरे लिहायला अनेक वर्षे घेतली, आपण चोवीस तासांत पुसल्या जाणाऱ्या स्टेटसमध्ये पाच मिनिटांत लिहितो. संत पौल इफिसकरांस लिहिताना लबाडी टाकून द्यायला सांगतो आणि कारणही देतो, की आपण एकमेकांचे अवयव आहोत. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या जागतिक संपर्क दिनाच्या संदेशासाठी हेच वचन निवडले होते, आणि विषय होता समाजमाध्यमे. डोळ्याने पायाशी खोटे बोलायचे ठरवले तर सगळे शरीरच खड्ड्यात पडेल. आणि हाताने डोळ्यात बोट घातले तरी इजा त्याच शरीराला होईल. म्हणून लपवाछपवी नको आणि चव्हाटाही नको. मात्र घरात खरोखर मारहाण होत असेल, छळ होत असेल, तर ती झाकून ठेवणे हा आईवडिलांचा मान नव्हे. अशा वेळी विश्वासू मोठ्या माणसाकडे, फादरांकडे, गरज पडल्यास पोलिसांकडे जा. तिथे बोलणे हेच सत्य आहे.

आता आपल्या प्रभूकडे पाहू. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू यरुशलेमात मागे राहिला. आईवडिलांना वाटले की तो बरोबरच्या लोकांत असेल. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला. मरियेने मनातली कळ न लपवता त्याला सरळ विचारले, की असे का केलेस. त्यानेही सरळ उत्तर दिले. ते उत्तर त्यांना कळले नाही, असे लूक स्पष्ट लिहितो. तरी तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. आईने त्या सगळ्या गोष्टी अंतःकरणात जपून ठेवल्या.

तुमच्या घरातही असेच होईल. तुम्ही खरे सांगाल, आणि ते आईवडिलांना लगेच कळेलच असे नाही. मरियेला आणि योसेफाला कळले नाही, तर आपल्या आईबापांना एका रात्रीत कसे कळेल? तरीही सरळ प्रश्न आणि सरळ उत्तर झाल्यावर ते तिघे एकाच वाटेने घरी गेले. त्यानंतर लूकच्या सांगण्याप्रमाणे साधारण तीस वर्षांचा होईपर्यंत प्रभूचे आयुष्य लोकांच्या नजरेआड गेले. एक मोठा झालेला मुलगा, हाताने काम करणारा, एका लहान गावात. त्या वर्षांतले जवळजवळ काहीच आपल्याला दाखवलेले नाही. आणि ज्या दिवशी यार्देन नदीवर स्वर्गातून पित्याची वाणी झाली की हा माझा प्रिय पुत्र, त्या दिवसापर्यंत त्याने एकही चमत्कार केल्याचे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. पित्याचा संतोष कमाईआधीच मिळाला होता.

आणि याकोब? त्याने बापाला करडाच्या कातड्याने फसवले, पुढे त्याच्याच मुलांनी योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून त्याच्यासमोर ठेवला. पण त्याच्या आधी यब्बोक नदीच्या उतारावर एक रात्र आली. त्याच्याशी पहाटेपर्यंत झुंजणाऱ्याने त्याला नाव विचारले. या वेळी त्याने भावाचे नाव सांगितले नाही. याकोब, एवढेच म्हणाला. आशीर्वाद त्यानंतर मिळाला, आणि नवे नावही. लंगडत का होईना, पण तो स्वतःच्या पायांवर भावाला भेटायला गेला.

तरुण मित्रांनो, या आठवड्यात एवढे करून पाहा. स्टेटस ठेवण्याआधी स्वतःला विचारा, हे दार आहे की कातडे? नोकरी, पैसा, कर्ज, आजार, लग्नाचा विचार, ज्या गोष्टीचा भार घरच्यांवरही पडणार आहे ती त्यांना कळायला हवी. सगळे एकदम सांगता येत नसेल तर एक गोष्ट सांगा. तोंडाने जमत नसेल तर कागदावर लिहून आईच्या हातात द्या. एकट्याने धीर होत नसेल तर आम्हांला सांगा, आम्ही बरोबर येऊ. आणि आईवडिलांनो, मुलाने सांगायला सुरुवात केली की पहिली दहा मिनिटे काही बोलू नका. फक्त ऐका.

प्रार्थना करू या.

हे स्वर्गीय पित्या, तू आमचे लावलेले दार पाहतोस आणि दारामागचे आम्हांलाही पाहतोस. आमच्या मुलांना आपल्या खऱ्या नावाने तुझ्यासमोर आणि आमच्यासमोर उभे राहण्याचे धैर्य दे. आम्हां आईवडिलांना ऐकणारे कान आणि न खचणारी माया दे. कर्जाच्या, अपयशाच्या, लाजेच्या ओझ्याखाली आज जे कोणी एकटे बसले असतील त्यांच्याजवळ तू जा, आणि आम्हांलाही पाठव. हे मागणे आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.